नगर रस्त्यावर धरलेले कान

मी लिहावं असं माझ्याकडं फारसं काही नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. परीक्षेतल्या उत्तरांपलीकडं कधी काही लिहिलेलं नाही. ज्यांनी खरोखर भोगलं त्यांच्यापुढं माझं हे किरकोळ वाटेल, म्हणून आधीच माफी मागतो.

मी भर रस्त्यात कान धरून उभा होतो.

पुण्यात नगर रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चाललं होतं. खाणावळीचा खर्च सुटावा म्हणून मी रविवारी तिथं झेंडा धरायचो. क्रेननं गर्डर, म्हणजे पुलाची अजस्र तुळई, उचलला की लाल झेंडा दाखवून गाड्या अडवायच्या. गर्डर खांबावर टेकला की हिरवा. घरी सांगितलं नव्हतं. घरच्यांना वाटायचं, रविवारी मी लायब्ररीत असतो.

त्या दिवशी एक मोठी पांढरी गाडी पार माझ्या अंगावर आली. मालकानं काच खाली करून सोडायला सांगितलं. मी वर बोट दाखवलं, सोडलं नाही. गर्डर नीट बसला. मी हिरवा झेंडा दाखवला, तर आता तो गाडी हलवेना. खाली उतरला. म्हणाला, या पोरानं माफी मागितल्याशिवाय जाणार नाही.

मागं हॉर्नचा गोंगाट. ठेकेदाराचा सुपरवायझर पळत आला. मला वाटलं, तो माझी बाजू घेईल.

"धर कान," तो म्हणाला. "तुला पगार झेंड्याचा नाही, शिव्या खायचा आहे."

धरले. दोन्ही हातांनी. झेंडा काखेत दाबून.

त्या गाडीच्या मागंच शिरूरची एसटी उभी होती आणि खिडकीत आप्पा होते. आमच्या निमोणे गावचे बागायतदार. गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही. माझी आई त्यांच्याच कांद्यात खुरपायला जाते. आमचं मेंढपाळाचं घर. मेंढरं कधीच विकली, पण गावाच्या तोंडात आम्ही मेंढरंवालेच.

आप्पांनी डोकं बाहेर काढलं.

"आरं इंजिनेर, बापानं मेंढरं हाकली, तू मोटारी हाकतूस व्हय? आन् कान का धरलं? मास्तरनं वर्गाभायेर काढलं का?"

अख्खी एसटी हसली. कंडक्टरसुद्धा. मीही हसलो. कान धरून, दात काढून. ते हसणं मला अजून सोसत नाही. कान दुसऱ्यानं धरायला लावले होते. हसलो मी आपणहून.

त्या आठवड्यात सरांनी वर्गात गर्डरच्या वजनाचं गणित फळ्यावर सोडवलं. उत्तर मी वहीत दोनदा तपासून पाहिलं. एवढं ओझं डोक्यावर लटकत असताना मी माणसं अडवली होती. आणि माफी मी मागितली होती.

पुढच्या रविवारी गर्डर वर असतानाच सुपरवायझरच्या ओळखीची गाडी आली. त्यानं लांबूनच हात केला, सोड म्हणून. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. कॉलेजात मी जपून, पुस्तकातलं बोलतो. त्या वेळी ते जमलं नाही.

"साहेब, वर ओझं लटाकतंय. त्ये टेकंस्तवर गाडी जाणार न्हाई. आन् कान तर मी धरणारच न्हाई."

संध्याकाळी सुपरवायझरनं माझं कामाचं जाकीट आणि झेंडा काढून घेतला. मला वाटलं, विषय संपला.

काल धाकट्या बहिणीचा फोन आला. आप्पांनी त्या दिवशीच गावभर सांगितलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी ते बांधावर आईला म्हणायचे, "इंजिनेराची आय, कान धर, मंग वाफ्यात उतर." बायका हसायच्या. आई कान धरायची. तीही हसायची. मला कळलं तर मी शिक्षण सोडून येईन, म्हणून तिनं बहिणीला शपथ घातली होती. बहिणीनं काल ती मोडली.

मी बॅग भरली आहे. उद्या पहिल्या एसटीनं निघणार. शिक्षण सोडणार नाही. आप्पांपुढं हातही जोडणार नाही. बांधावर, त्याच बायकांसमोर म्हणणार आहे, आईला जे रोज सांगत होतात ते आता माझ्यासमोर सांगा.

हे लिहीत होतो तेवढ्यात बहिणीचा पुन्हा फोन आला. मला सगळं कळल्याचं तिनं रात्रीच आईला सांगितलं होतं. आज आई बांधावर उभी राहिली आणि तिनं हात खालीच ठेवले. आप्पांनी तिला हाकलून दिलं. गावात दुसरं कुणी तिला कामाला घ्यायला तयार नाही. आईनं माझ्यासाठी निरोप दिला आहे.

"त्याला म्हणावं, आता ये."