आयोकाची नवी बायको

इसेयिन गावात लावोयिन घराण्याच्या आवारात सून म्हणून आलेल्या सगळ्या स्त्रिया त्या घरच्या लेकीला, आयोकाला, नवरा म्हणत. सून येण्याआधी त्या घरात जन्मलेला प्रत्येक माणूस, मग तो दीर असो वा नणंद, तिचा नवरा. आणि नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, लाडाचे नाव ठेवायचे. आयोका निळीत सूत रंगवी, हात कोपरापर्यंत निळे. म्हणून ती ‘निळे राजे’.

“निळे राजे, पाणी तापलंय. पाठही चोळून देऊ का?” थोरली सून विचारी.

“चोळ, पण तुझ्या दुसऱ्या नवऱ्याला सांगू नकोस,” आयोका म्हणे, आणि आवारभर हशा पिके.

सासरहून हाकलून दिलेल्या आयोकाला याच हाकांनी सावरले होते.

तो मान रेमिलेकुनने धुळीस मिळवला. ही आयोकाच्या धाकट्या भावाची, अकान्बीची, लागोस शहरात शिकलेली बायको. पहिल्याच सणाला भरल्या अंगणात तिने हाक मारली, “ए आयोका, मीठ दे.”

उकडलेले याम कंद कांडणारी मुसळे थांबली.

“अगं, नवऱ्याचं नाव घेतेस?” थोरली कुजबुजली.

“कसला नवरा? नवऱ्यानं टाकलेली बाई ही! बाईला बाईच म्हणायचं, असं आम्हाला शाळेत शिकवलंय.”

अकान्बी खाली मान घालून जेवत राहिला. आयोकाने मुकाट्याने मीठ दिले. अडाण्याने असा अपमान केला असता, तर कोणीतरी त्याचे तोंड धरले असते. शिकलेल्यांचा उद्धटपणा मात्र लोक सुधारणा म्हणून खपवून घेतात. पुढे रेमिलेकुन तिला नावानेच हाक मारीत राहिली, आणि आयोका त्यातली एकही हाक विसरली नाही.

मग काही वर्षांनी अकान्बी वारला. त्याच्या खोल्यांवर चुलत भावांचा डोळा होता, आणि रेमिलेकुनला माहेरी कोणी उरले नव्हते. घराण्याच्या प्रमुखाने रीतीप्रमाणे बैठकीत विचारले, “हिला कोणी आपली बायको म्हणतं का? नाहीतर तिनं जावं.”

एकही पुरुष पुढे आला नाही. रेमिलेकुनने आयोकाकडे पाहिले.

“माझ्याकडे काय बघतेस? मी तर टाकलेली बाई.”

रेमिलेकुन गुडघ्यांवर आली. “नवरोबा,” ती पुटपुटली, “मला ठेवून घ्या.”

“ठेवते. पण तुझं जुनं लग्न अकान्बीबरोबर गेलं. माझी बायको म्हणून तू आज आलीस. सगळ्यांत धाकटी.”

बैठक चपापली, पण रीतीत खोट कोणाला काढता येईना. नव्या नवरीचे धुतात तसे थोरलीने उंबऱ्यावर तिचे पाय धुतले. आता परवा लग्न होऊन आलेली पोरही तिला थोरली, अंगण सर्वांआधी झाडायचे तिने, आणि आजवर त्या घरात जन्मलेले प्रत्येक मूल तिचा नवरा. तिच्या पोटची इरेतिओलासुद्धा.

दुसऱ्या सकाळी ती झाडत असताना इरेतिओला दारात आली. “आई, भूक लागली.”

“नवरा जेवायला मागतोय,” निळीच्या रांजणापासून आयोका म्हणाली. “त्याला लाडानं हाक मार.”

रेमिलेकुनच्या हातातला झाडू थांबला. “आले हं, माझ्या सोन्या,” ती कशीबशी म्हणाली. लेकीला खेळ वाटला, ती हसली. सुना हसल्या नाहीत.

“आता मला मीठ आणून दे.”

रेमिलेकुनने मीठ आणले, गुडघे टेकले. “घ्या, निळे राजे.”

आयोकाने रांजणातून हात काढले नाहीत.

“मोठ्यानं,” ती म्हणाली. “त्या दिवशी अंगणभर ऐकू गेलं होतं.”