आतून रंगवलेला तीन

तुमच्या बाबांची लहानपणची रिमोटची बग्गी आजोबांनी स्टोअरमधून काढली, तेव्हा मला आधी आनंदच झाला. हाताला काम असलं की ते शांत असतात. ती नीट करून तुमच्याकडे पाठवायची, असं त्यांनी ठरवलं. माझ्या मनात आणखी एक होतं. त्यांना काम करताना मला जवळून बघता येणार होतं.

का बघायचं होतं, ते सांगते. त्याच्या थोडं आधी आम्ही मनामाच्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, भाजी घेऊन परत येत होतो. आजोबांनी माहूज भागातल्या आमच्या जुन्या इमारतीसमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "चल, उतर." ते घर सोडून आम्हाला कित्येक वर्षं झाली. मी पट्टा सोडला नाही. त्यांनी वर खिडक्यांकडे पाहिलं, मग गाडी पुन्हा सुरू केली.

तुमच्या बाबांना मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टरकडे ने." आजोबांनी ऐकलं नाही. "एकदा गल्ली चुकलो तर लगेच वेडा ठरवता का मला?" ते अजून एका कंपनीला जहाजांच्या दुरुस्तीचे नकाशे तपासून देतात. आमचा दोघांचा व्हिसा त्या कामावर आहे. बाबांनी मला बजावलं होतं, "असं पुन्हा काही दिसलं, तर तिथलं आवरायचं आणि इकडे यायचं." तेव्हापासून मी त्यांच्या प्रत्येक हालचालीकडे बघत होते. चहात साखर घातली का, नळ बंद केला का. तेही मला बघताना बघत होते.

बग्गीचं यंत्र ठीक होतं. दुर्दशा झाली होती ती वरच्या टरफलाची. आजोबा त्याला बॉडी म्हणतात. ते पातळ, काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक असतं आणि त्याला रंग आतून देतात, म्हणजे गाडी उलटून घासली तरी रंग जात नाही. आतल्या जुन्या पिवळ्या रंगाने फुगून पोपडे धरले होते, आणि पुढच्या टोकाला एक चीर गेली होती. आजोबांनी टरफल ब्रेक ऑइलमध्ये भिजत घातलं, तेही माझ्या ढोकळ्याच्या थाळीत. "थिनरने प्लास्टिक तडकेल, याने फक्त रंग सुटेल," म्हणाले. थाळी गेली याचं मला काहीच वाटलं नाही. कारण आठवून सांगताहेत, एवढंच मी ऐकलं.

चीर पुढे सरकू नये म्हणून त्यांनी तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं आणि आतून जाळीची पट्टी चिकटवली. नवी चाकं मोठी होती, म्हणून चाकांवरच्या कमानी कापून रुंद केल्या. इथल्या उन्हात मोटर तापते, म्हणून मागच्या खिडकीची जागा उघडी ठेवली. हात स्थिर होता. मला जरा धीर आला.

मग आकड्याची पाळी आली. बाबांच्या बग्गीवर तीनचा आकडा होता, आपला मराठी ३. इमारतीतली मुलं त्याला 'शेपटीवाला थ्री' म्हणून चिडवायची. आजोबांनी टरफल बाहेरून वर्तमानपत्रात गुंडाळलं, उलटं करून वाडग्यासारखं मांडीवर घेतलं, आणि आत चिकटवलेल्या टेपमधून ब्लेडने आकडा कापून काढला. मी चहा घेऊन गेले. टेपमध्ये कापलेला आकडा होता ६.

"अहो, हा कितीचा आकडा?"

"तीन. दुसरा कितीचा असणार?"

"नीट बघा ना."

"बघतोय की! तू आधी उजेडातून बाजूला हो."

मी चहाचा कप तिथेच ठेवला. समोर सहा होता आणि ते शांतपणे तीन म्हणत होते. चेहऱ्यावर गोंधळसुद्धा नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि तुमच्या बाबांना फोन लावला.

"सहाला तीन म्हणाले? नक्की, आई?"

"दोनदा विचारलं रे."

"मग आता पुरे. मी तिकिटं बघतो."

"अरे, पण त्यांचं काम, व्हिसा..."

"व्हिसाचं काय घेऊन बसलीस!"

बाहेर गॅलरीत रंगाचा फवारा सुरू झाल्याचा आवाज येत होता. काळा, मग पिवळा, मग पांढरा. मी ओट्याशी उभी राहून मनात घर आवरत होते. कपाटं, भांडी, देव. या माणसाला त्याच्या टेबलापासून उठवून विमानात बसवायचं आणि का ते सांगायचं, हे मला जमणार होतं का?

रंग वाळल्यावर त्यांनी वर्तमानपत्र सोडवलं आणि टरफल सुलटं करून टेबलावर ठेवलं. पिवळ्यावर काळा, शेपटीसकट, ३.

इथल्या शुक्रवारच्या सुट्टीतल्या मराठी वर्गात मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं, की तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसले की छत्तीस होतात. आतून रंगवायचं तर आकडा डावं-उजवं उलटूनच कापायला हवा. भीतीपोटी मीच ते विसरले होते. मी खुर्चीत बसले आणि मला रडू आलं.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, टरफलाकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणून दोनदा विचारलंस होय! बाई, परीक्षा घ्यायची तर आधी सांगावं. अभ्यास केला असता." मग म्हणाले, "त्याला फोन केलास?"

"केला."

"काय म्हणाला?"

"तिकिटं बघतो म्हणाला."

ते हातावरचा रंग खरवडू लागले. मग खाली बघत म्हणाले, "आकडा कापल्यावर मी बॉडी बाथरूममध्ये नेली. आरशात धरून बघितली. बाहेर आलो, पुन्हा शंका आली, पुन्हा गेलो. अगं, जन्मभर नकाशे काढले मी. उलटं, सुलटं, कापलेलं, सगळं डोळ्यांपुढे दिसायचं. आणि हा एवढासा आकडा मला आरशात बघावा लागला."

मी सहा बघून घाबरले होते, त्यापेक्षा हे ऐकून जास्त घाबरले.

तुमच्या बाबांना मी लगेच फोन करून तीनची हकीकत सांगितली. ते सुटका झाल्यासारखे हसले आणि त्यांनी तिकिटं थांबवली. आरशाचं मी सांगितलं नाही. आज तुम्हाला हे वाचून दाखवताना त्यांना ते कळेल. बाळा, आईचं ऐक, तिथे थांबू नकोस, पुढे वाच.

दुसऱ्या दिवशी जेवताना आजोबा आपणहून म्हणाले, "त्या डॉक्टरकडे नाव नोंदव." मग घास हातात धरून विचारलं, "काय करायला लावतात गं तिथे?"

"घड्याळाचं चित्र काढायला सांगतात म्हणे."

"आतून की बाहेरून?"

मी हसले. ते हसले नाहीत. मग मीही थांबले आणि त्यांच्या पानात भात वाढला.

उद्या सकाळी जायचं आहे. जे कळेल ते मी तुमच्या बाबांना जसंच्या तसं सांगणार आहे, आणि तेव्हा आजोबा माझ्या शेजारी बसलेले असतील, असं आमचं ठरलं आहे. आता ते आतल्या खोलीत उद्याच्या शर्टाला इस्त्री करताहेत. मी करते म्हटलं, तर म्हणाले, "नको, मला करू दे." मी दारातून परत आले. इथून दिसतंय, बाहीची घडी त्यांनी उलगडली आहे आणि पुन्हा घालताहेत.