हवा न ओढणारं नळकांडं

चिखलाची किळस मला गाडी घेतल्यावर आली. शेतातल्या चिखलाची नव्हे, तो पाय धुतले की जातो. रविवारी मुद्दाम जाऊन गाडीला फासून आणलेल्या आणि पुढचे आठ दिवस न धुता गावभर मिरवलेल्या चिखलाची. आमच्या ऑफरोडवाल्या ग्रुपात तशी रीतच होती. सोमवारी सकाळी रंकाळ्याजवळ गाड्या ओळीनं लावायच्या, मिसळ हाणायची, आणि ज्याच्या काचेवर चिखलाचे थर जास्त तो त्या आठवड्याचा मर्द. कुणी गाडी धुऊन आला की त्याला "काय, लग्नाला चाललाईस व्हय?" असं विचारायचे. मीही त्यात होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाटायचं की मी बाहेर उभा राहून नाकं मुरडतोय.

गाडी वीस वर्षांची, फोर बाय फोर, एका कंत्राटदारानं वापरून वापरून पार पिळून काढलेली. मी हौसेनं आणली आणि आमच्या आप्पांनी ती जगवली. आप्पा म्हणजे माझे वडील, एका फाउंड्रीत फिटर होते. आता निवृत्त आहेत, पण हात अजून पान्याशिवाय राहत नाही. माझी चिखलानं माखलेली गाडी दारात आली की ते पाइप घेऊन उभे. मी "राहू द्या, आप्पा" म्हटलं की म्हणायचे, "गाढवसुद्धा लोळून झाल्यावर अंग झाडतंय. तू तेवढंबी न्हाय." चिखलाखाली पत्रा सडतो हे त्यांचं म्हणणं. चाकांच्या वरच्या पत्र्याला बोट लावलं आणि बोट आरपार गेलं, तेव्हा मला ते पटलं.

खंडेनवमीला लोक हत्यारांना हार घालतात. आप्पा त्या दिवशी गाडीखाली पोतं अंथरून आडवे होतात, पुढच्या-मागच्या हौजिंगचे, म्हणजे चाकांमधल्या गिअरच्या पेट्यांचे, नट खोलतात आणि आतलं तेल थेंबभर तळहातावर घेऊन बोटानं चोळतात. बोटाला कचकच लागली तर आत कुठंतरी दात झिजतायत. गुळगुळीत लागलं तर वर्ष निभावलं. एका वर्षी नट काढला आणि तेलाऐवजी दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी गळालं. फोटोसाठी मी गाडी ओढ्यात अर्धा तास उभी केली होती, ते पाणी आत शिरलं होतं. त्या कुजक्या वासानं मला सणाचं जेवण गेलं नाही. आप्पांनी तीन वेळा नवं तेल घालून हौजिंग धुतलं आणि मग आंघोळीला गेले.

मी सुधारायला पाहिजे होतं. मी काय केलं, तर अजून सामान लावलं. मोठे टायर, उंच केलेले स्प्रिंगचे पाटे, टपावर दिव्यांची पट्टी. पाटे उंच केल्यावर खालच्या शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, खडखडायला लागले. आप्पा दर महिन्याला ग्रीस मारायचे आणि मी दर महिन्याला नवा फोटो टाकायचो.

सगळ्यात शेवटी ते नळकांडं आलं. काचेच्या बाजूनं टपापर्यंत वर जाणारा जाड काळा पाइप असतो. गाडी पाण्यात शिरली तरी इंजिनाला वरून कोरडी हवा मिळावी म्हणून तो लावायचा. इंजिनानं हवेऐवजी पाणी ओढलं की ते जागच्या जागी संपतं. त्यासाठी पाइप आतल्या एअर फिल्टरला घट्ट जोडावा लागतो आणि मडगार्डाला मोठं भोक पाडावं लागतं. फिटिंगवाल्यानं मला स्पष्ट सांगितलं, "पावणं, आतनं जोडायचं म्हंजे दोन दिवस जाणार, पत्राबी कापाय लागणार. नुसतं वरनं बसवू काय? कोण बघतंय आत?" दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपची ट्रिप होती. मी म्हणालो, "बसवा वरनं." त्यानं चार बोल्ट मारले, कडेनं सिलिकॉन भरलं आणि तासाभरात गाडी दिली. तो खोटं बोलला नाही, हे लक्षात ठेवा. खोटेपणा सगळा माझाच.

घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "चालू ठेव इंजिन." ते स्टुलावर चढले आणि पाइपच्या तोंडावर तळहात दाबून धरला. जोडलेला पाइप असता तर इंजिन गुदमरून बंद पडलं असतं. माझं इंजिन आरामात गुरगुरत राहिलं. आप्पा खाली उतरले आणि हात लेंग्याला पुसत म्हणाले, "नाक हाय, श्वास न्हाय." मग स्टूल उचलत, "कंपनीत असला जॉब आला तर काय करतोस रं?"

मी कागलच्या एमआयडीसीत इन्स्पेक्शनला आहे. केसाएवढा फरक असला तरी जॉबवर, म्हणजे तयार भागावर, लाल रंगाचा ठिपका देऊन तो बाजूला काढतो, आणि कामगार माझ्या नावानं बोटं मोडतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी म्हणालो, "आप्पा, हे दिसायला लावलंय. मी कुठं पाण्यात जातोय?" आणि त्याच दिवशी त्या पाइपासकट गाडीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आता पुराला पण भीत नाही.' आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं.

आक्का कुरुंदवाडजवळ मळ्यात राहते. तिच्या सासूचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. त्या पावसाळ्यात नदीचं पाणी चढलं आणि रस्ता बंद झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी आक्काचा फोन आला. "आत्तींचं परवाच व्हायला पायजे होतं. पाय सुजल्यात, धाप लागाय लागलीया. रस्त्यावर पाणी हाय, पर तुझ्या गाडीला ते नळकांडं हाय न्हवं? येतोस काय?"

एका वाक्यात सांगता आलं असतं की आक्का, ते खोटं आहे. मी म्हणालो, "आलोच."

दीड-दोन तास गाडी चालवत होतो. वाटेत कुठंही थांबून फोन करता आला असता. मी स्वतःला सांगत होतो की पाणी ओसरलं असेल, घोट्याएवढंच असेल. रस्त्याला पाणी लागलं तेव्हा ते मांडीच्या वर होतं. मळकं, गढूळ, वर शेणाचे आणि उसाच्या पाचटाचे तवंग. मेलेल्या कोंबड्या कडेला फुगून आल्या होत्या. मी नाकाला रुमाल धरला होता, पण खरी शिसारी दुसऱ्याच गोष्टीची येत होती. काठावर दहा-बारा माणसं उभी होती. त्यातला एक पाइपकडं बघून म्हणाला, "पावणं, एवढं नळकांडं लावून थांबलाय व्हय? घाला की!"

मी आक्काला फोन लावला. "पाणी लई हाय आक्का. इंजिन बंद पडंल."

ती म्हणाली, "बरं. शेजारचा ट्रॅक्टर सकाळधरनं दारात उभा हाय. तू येतोईस म्हणून मीच त्यास्नी नको म्हटलं हुतं. आता सांगते."

ट्रॅक्टर आला. जुनाट, रंग उडालेला, चालकाच्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. त्याच्या बॉनेटवरसुद्धा हवेचा एक बुटका पाइप होता, गंजलेला. पण तो आत जोडलेला होता. मागच्या ट्रॉलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आक्काची सासू, दोन्ही बाजूंनी आक्का आणि दाजी धरून उभे. आक्काच्या सासूला मी मावशी म्हणतो; आम्ही मावशींना उचलून माझ्या गाडीत बसवलं. पाय एवढे सुजले होते की चपला घालता येत नव्हत्या. दोन शब्द बोलल्या की त्या थांबून दम घेत होत्या. तरी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांबलास... ते बरं केलंस बाळा. महागाची गाडी. खराब... झाली असती."

आक्का खिडकीतून बाहेर बघत होती.

"मावशी, तसं नव्हे," एवढंच मी म्हणालो. पुढचं सांगितलं असतं तर मी थापाड्या ठरलो असतो. गप्प बसलो तर बहिणीच्या सासूपेक्षा पत्रा जपणारा. आणि मला, मावशींच्या धापा कानावर पडत असताना, गप्प बसणंच सोपं वाटलं. मी गिअर टाकला. आजही त्या क्षणाची मला ओकारी येते.

दवाखान्यात डॉक्टर आक्कावर ओरडले, एवढा उशीर का केलात म्हणून. तिनं पुराचं नाव सांगितलं. माझं घेतलं नाही. मावशींचं त्या दिवशी निभावलं, पण चार दिवस त्यांना तिथंच ठेवावं लागलं.

घरी येऊन मी पाइप उपसून काढला. मडगार्डावर बोल्टांची चार भोकं राहिली. आप्पांनी ती वेल्डिंगनं बुजवली आणि वरून पॉलिश पेपर मारला. ग्रुप मी सोडला. गाडी आता दर रविवारी धुतो.

यंदा पुन्हा पाणी चढायला लागल्याच्या बातम्या आल्या. आक्काचा फोन येईल म्हणून मी दोन दिवस वाट बघितली. शेवटी मीच केला. म्हणालो, "मावशींना न्यायला येऊ काय? आत्ताच येतो, रस्ता चालू हाय तोवर."

आक्का अगदी मायेनं बोलली. तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

"ट्रॅक्टरवाल्यास्नी सांगून ठेवलंय रं. तू नगं येऊस. तुझी गाडी खराब हुईल."