घड्याळावरची पाळी

राजनंदिनी माझ्या थोरल्या दिराची, सावळारामभाऊजींची पोर. बारामतीला कालेजात कॉम्प्युटर शिकती, शेवटचं वर्ष. लासुर्ण्यात आमच्या घरी आली तरी ही बया दिवसभर काळ्या पडद्यावर कायतरी बडवत बसायची आन् जेवायला हाक मारली की म्हणायची, काकी, थांब, एक चूक सापडंना. डोकं लई तेज. जिभेला मातर हाड न्हाय, माझ्यावाणीच.

आमची विहीर दोन घरांत एक, पाण्याची पाळी ठरल्याली. चार दिवस भाऊजींचे, चार दिवस माझ्या नवऱ्याचे, रामहरीचे. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. माझं तोंड विटाळायचं ते कवाच विटाळलंय. तर आमच्या राजनंदिनीनं, नंदीनं, कालेजच्या प्रोजेक्टाला एक डबा बनवला. मोबाइलवर मोटार चालू व्हायची आन् पाळी संपली की पाणी आपोआप दुसऱ्याच्या रानात वळायचं. सगळी वस्ती बघून गेली. त्या डब्यावरच एका कंपनीनं तिला नोकरीच्या परीक्षेला बोलावलं.

पण एक चुकलं. आमच्यात पाळी लाईटीवर मोजत्यात. लाईट गेली की पाळी थांबली, आली की पुढं चालू. हे कुठं लिहिलेलं न्हाय, पण शेंबड्या पोरालाबी ठावं असतंय. पोरीनं प्रोग्राम लिहिला घड्याळावर. आमच्या पाळीत दोन दिवस लाईटच न्हवती, डबा आपला मोजतच राहिला, आन् आमचा अर्धा ऊस कोरडा असताना पाणी भाऊजींच्या रानात गेलं.

नवऱ्याचं टाळकं फिरलं. इचारणं न्हाय, सांगणं न्हाय, खोऱ्याचा दांडा घेऊन विहिरीवर गेला. पोरगी डब्यापाशीच बसलेली. पहिला घाव डब्यावर, तुकडं तुकडं झालं. ती हात मधी घालून म्हणत व्हती, तात्या, चूक माझी हाय, आत्ता नीट करते. दुसरा घाव त्या हातावर. हाड मोडल्यालं मी कानानं ऐकलंय. तिसरा परत तितंच घातला, मुद्दाम. मी आडवी गेले तर चौथा माझ्या बरगडीत. पोरगी पांढरीफटक पडली. मनगटातनं हाड भाईर आन् रक्त पाटाच्या पाण्यात. मेल्याचा हात तवाच का झडला न्हाय, असं मला अजून वाटतंय.

इंदापूरच्या दवाखान्यात सळी घातली. परीक्षा चार दिवसांवर, आन् उजवा हात गळ्यात. कालेजच्या सरांनी कंपनीला इचारलं. मारहाणीचा पोलिसाचा कागद आणा, तारीख पुढं देतो, कंपनीवाले म्हणाले. नुसतं पडली म्हणून चालायचं न्हाय.

ठाण्यात अख्खी भावकी गोळा झाली. घरातलं घरात मिटवा, हाच धोशा. भाऊ आत जाईल म्हणून भाऊजींनीबी मान खाली घातली. नंदी खरं सांगत व्हती, पण पोरीचं कोण ऐकतंय? हवालदारानं लिहून टाकलं, विहिरीच्या पायरीवरनं पाय घसरला. मग बघणारी मी एकटी म्हणून मला इचारलं. नवरा माझ्याकडं बघत व्हता. त्या बघण्याचा अर्थ मला पाठ हाय.

"पोरगी पडली न्हाय," मी म्हणलं. "ह्यानं मारलं. आन् हेबी लिहा साहेब, बावीस वर्षांत मीबी न्हाणीत, गोठ्यात, जिन्यावर, कुठंच एकदासुदिक पडले न्हाय."

हवालदारानं तो कागद बाजूला सारला आन् नवा घेतला.