डावा हात ऐकवणारे टिचकीमामा

टिचकीमामा कुठल्याही वस्तूला आधी टिचकी मारायचे. पाण्याचा माठ असो, दुकानाचं शटर असो की चहाचा कप. टिचकी मारायची, मान तिरकी करायची आणि डोळे बारीक करून थांबायचं. वस्तू उत्तर देणार अशी त्यांची खात्रीच असावी. जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांमागच्या गल्लीत त्यांचं स्पीकरचं छोटं दुकान होतं.

मी पहिल्यांदा गेले ती यादी घेऊन. मुद्दे अकरा: वॅट किती, इंच किती, वॉरंटी, रंग, धूळ पुसायला सोपे का. मामांनी यादी शेवटपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली. "ताई, ह्याच्यावर ऐकणार काय, ते तर लिहिलंच न्हाई."

खरंच लिहिलं नव्हतं, म्हणून सांगावं लागलं. माझे वडील भोकरदनकडच्या आमच्या गावात भजनाला पखवाज वाजवायचे. ते गेल्यावर आई माझ्या दोन खोल्यांच्या घरी राहायला आली. त्यांच्या वादनाची एकच कॅसेट होती, ती मी मोबाइलवर उतरवून घेतली. आईने दोन मिनिटं ऐकून मोबाइल परत केला. "हे तुझे बाबा न्हाईत," ती म्हणाली. "यात त्यांचा डावा हातच न्हाई." पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक थापतात, तेव्हा तो घुमतो; ते घुमणं मोबाइलवर येतच नव्हतं. ती कणीक आयुष्यभर आईनेच मळून दिली होती. नंतर मी कधीही मोबाइल लावला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

मामा खुर्ची ओढून जवळ बसले. कणीक घट्ट लागते की सैल, वाळली की काय करतात, गव्हाचीच का, असं विचारत सुटले. "ते आईलाच ठाऊक," मी म्हणाले. त्यांना मात्र स्पीकर विकायचे आहेत याचा विसर पडला होता.

मी सर्वांत मोठ्या, चकचकीत जोडीकडे बोट दाखवलं. मामांनी टिचकी मारली. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. मग वीतभर उंचीच्या काळ्या जोडीला मारली. आवाज आतल्या आत जिरला. "डब्ब्यानं आपलं सोताचं बोलू नये," ते म्हणाले. त्या काळ्या जोडीवर त्यांनी एक भजन लावलं आणि मला मृदंगाबरोबर झांजही नीट ऐकायला लावली. खालचं घुमलं आणि वरचं हरवलं, तर तेही त्यांना चालत नसे.

पहिल्याच दिवशी विकायचं नाही, हा त्यांचा नियम. दुकानात सगळेच चांगले वाजतात, म्हणून चार दिवस घरी नेऊन ऐकायचं. मी जोडी नेली आणि कपाटावर ठेवली. वायर लपली, पसारा झाला नाही. आईने ऐकलं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी खोक्यात भरून परत द्यायला गेले, तर मामा खोक्यासकट माझ्या स्कूटीवर मागे बसून घरी आले. कुठे ठेवले होते ते विचारून त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "ताई, देव्हाऱ्यात बसवल्ते का?" बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून, त्यांनी ते दोन स्टुलांवर मांडले. भिंतीला टिचकी मारली, एक जरा सरकवला. स्टुलं ऐन वाटेत आली. मी वळसा घालून मोबाइल जोडला.

पखवाज सुरू झाला. आई सवयीने उठली आणि दारातच थांबली. मग परत येऊन बसली. बराच वेळ ऐकल्यावर म्हणाली, "त्या दिशी कणीक सैल झाल्ती. घाईत पाणी जास्ती पडलं माझ्या हातून."

"किती जास्ती, माय?" मामांनी विचारलं.

आईने आत जाऊन तशी कणीक भिजवून आणली. मामांनी गोळ्याला टिचकी मारली, मान तिरकी केली आणि थांबले. आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आमची स्टुलं अजून वाटेतच आहेत. ती हलवायची असं माझ्या यादीत दोनदा आलं, दोन्ही वेळा मीच खोडलं.