रिकामा सोडलेला रकाना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एका मुलीचं नाव मी यादीतून उडवलं. माझ्या हातानं. आणि ते उडालं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

जयपूर. जगतपुऱ्यातलं आमचं ऑफिस. मीटिंगच्या खोलीत भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यावर माझं कमांड लिहायचं काळं टर्मिनल. डेटा चाळायला कुठलं टूल ठेवायचं ते साहेबांना ठरवायचं होतं. दोन्ही फुकटातली, ओपन सोर्स. एक जुनं, ऑक. ओळीमागून ओळ वाचत जाणारं. दुसरं नवं, डकडीबी. फाईललाच डेटाबेससारखे प्रश्न विचारता येतात त्यात. मी चालवून दाखवायचं, बाकीच्यांनी बघायचं. सरावासाठी खोटी फाईल मी करून आणली होती.

"छोड़ो ये नकली माल," साहेब म्हणाले. "कॉलेज वालों की फाइल पड़ी है ना, ट्रेनी वाली? उसी पे चलाओ। टेस्ट का टेस्ट, काम का काम।"

फाईल उघडली. नाव, गाव, मार्क, वडिलांचा व्यवसाय. शेवटचा रकाना कॅटेगरीचा.

"पंडितजी, पहले सफ़ाई कर दो। एससी-एसटी हटाओ, फिर देखते हैं कौन तेज़ है।"

कुणी हसलं. कुणी चहाचा घोट घेतला. पंडितजी म्हणजे मी.

मी पंडित, म्हणजे ब्राह्मण, नाही. माझे वडील फौजेत होते. अकोल्याकडचे. बदली होऊन इथल्या छावणीत आले आणि आम्ही इथलेच झालो. मराठी आडनावावरून जात इथं कुणाला कळत नाही. नोकरीच्या सुरुवातीला कुणीतरी विचारलं होतं, "आप मराठा हो या पंडित?" डब्यात भेंडी-पोळी होती. मी नुसता हसलो. त्या हसण्यावर अर्धी नोकरी काढली. गावाकडून फोन आला, पलीकडून 'जय भीम' आलं, की मी ऑफिसात म्हणायचो, "हां जी, नमस्ते." ऑफिसातलं कुणी घरी यायचं असलं की बैठकीतला फोटो आतल्या खोलीत जायचा. कुणाचा, ते सांगायला नको. बायको मुकाट्यानं उतरवायची. खिळा मात्र काढू द्यायची नाही.

तर मी कमांड लिहिली. स्वतःची जात टाईप केली. तिच्याआधी 'नको'ची खूण लावली. एंटर.

दोन्ही टूलांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर दिलं. पण आकडे जुळेनात. ऑकच्या यादीत एक नाव जास्त.

"ये क्या? फाइल एक, जवाब दो? सही कौन सा है?"

ते नाव कुणाचं, मला न बघता कळलं.

आमेरची मुलगी. तिचे वडील छावणीत सफाईला होते, माझ्या वडिलांना ओळखायचे. तिच्या कॉलेजात मी हीच टूलं शिकवायला गेलो होतो. वर्ग सुटल्यावर ती जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "सर, पापा कहते हैं आप अपने ही हो।" माझ्या पाठीला घाम फुटला. मी तिला म्हणालो, आमच्याकडे जागा निघणार आहेत, अर्ज कर. ती म्हणाली, "सर, वो कैटेगरी वाले में क्या लिखूँ?"

"खाली छोड़ दे। मैं भी नहीं लिखता।" आणि वर, "पापा वाली बात किसी से कहना मत।"

"नहीं सर। समझती हूँ।"

पोरीला खरंच समजलं होतं. तेच लागलं मला.

तिनं रकाना रिकामा सोडला. ऑकच्या लेखी रिकामं म्हणजे रिकामं. एससी लिहिलेलं नाही ना, मग राहू दे. डकडीबीच्या लेखी रिकामं म्हणजे माहीत नाही. आणि 'हे सोडून बाकीचे दे' म्हटलं की माहीत नसलेलं ते गाळतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. हे मी शिकवत आलोय. मी एवढंच म्हणायचं होतं: सर, खाली मतलब खाली, पहले वाला ठीक है। मार्क तिला भरपूर होते. मुलाखतीला बोलावणं आलंच असतं.

पण मग ती या ऑफिसात आली असती. कधीतरी जेवताना सहज बोलून गेली असती, सर के पापा और मेरे पापा. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. दोन्ही टूलांपेक्षा जलद.

मी म्हणालो, "दूसरा सही है सर। जनरल वाला ये कॉलम कभी खाली नहीं छोड़ता।"

हशा फुटला.

"वाह पंडितजी! क्या नाक पाई है! सूँघ के निकाल लेते हो!"

साहेबांनी माझी पाठ थोपटली. शिकारी कुत्र्याची थोपटतात तशी. मीही हसलो. हे नाक मला कुठून मिळालं ते त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

डकडीबी पास झालं.

महिन्याभरानं ती मला जगतपुरा स्टेशनच्या बाहेर भेटली. हातात प्लास्टिकची फाईल. "सर, मेरा नाम नहीं आया। मार्क कम पड़ गए होंगे, ना?"

"हां. कॉम्पिटिशन बहुत है।"

"आपका कहा माना था सर। खाली ही छोड़ा था।" मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आप टेंशन मत लो। आपने तो कोशिश की होगी।"

ती मला धीर देत होती. मी ऑटोला हात केला.

पुढच्या वर्षी त्याच कॉलेजची नवी फाईल आली. मी तापानं घरी होतो, आतल्या खोलीत बसून काम करत होतो. घरून सर्व्हरला जोडून घ्यायची टूलंही आम्ही अशीच तोलून निवडली होती. एसएसएच वायफाय गेलं की तुटतं. मॉश धरून ठेवतं, लाईन आली की तिथूनच पुढे. त्यावर शेअर केलेला स्क्रीन. मी घरी टाईप करायचो, ऑफिसच्या भिंतीवर उमटायचं.

फोनच्या स्पीकरवर साहेब. "पंडितजी, पिछले साल वाला ही चला दो। वो नाक वाला।" मागे हसणं.

जुनी कमांड तशीच समोर आणली. एंटरवर बोट. त्याआधी सवयीनं फाईल वर-खाली केली, आणि हात थांबला.

या वर्षी बरेच रकाने रिकामे होते. आमेर. रिकामा. वडील सफाई कामगार. रिकामा. आमेर. वडील मजूर. रिकामा. तिनंच मागच्या पोरांना सांगितलं असणार. सर म्हणाले, सोडून द्या. सर आपलेच आहेत.

एकीला गाळलं होतं, आता माझ्याच शब्दावर विसंबलेली अख्खी रांग समोर उभी होती.

बोलणं मला कधी जमलं नाही. मी कमांड पुसली आणि टाईप केलं: मैं पंडित नहीं हूँ। जिनको हटा रहे हो, मैं वही हूँ। नहीं चलाऊँगा।

साहेबांचा आवाज चढला.

"ये क्या मज़ाक है? मिटाओ इसको।"

नाही मिटवलं. मध्ये वायफाय गेलं, आलं. मॉशनं धरून ठेवलं. सगळे बघत असताना ते भिंतीवर तसंच राहिलं. संध्याकाळी पुन्हा जोडून बघितलं तर परमिशन डिनाइड. सर्व्हरमध्ये शिरायची माझी चावी त्यांनी काढून घेतली होती.

बायकोला तेवढंच सांगितलं. तिनं सगळीकडे सांगितलं. आमच्या लोकांनी वस्तीतल्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. बायको पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. शाल घालायला उठले ते त्या मुलीचे वडील. "साहब, आपने हमारी इज़्ज़त रख ली।" त्यांनी ती माझ्या खांद्यावर नीट केली. मुलगी मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. हल्ली मोबाईलच्या दुकानात काउंटरवर असते. माईक माझ्या हातात दिला. मी "धन्यवाद" म्हणालो आणि खाली बसलो.

त्या बसण्याची मला सगळ्यात जास्त किळस येते.

लोकांना माझा नकार माहीत आहे. त्याच्या आधी काय झालं ते माहीत नाही. म्हणून हे लिहिलं. आधी बायकोला वाचून दाखवीन. मग आमेरला जाईन. मग त्याच हॉलमध्ये उभा राहून सांगेन. कॉलेजला लेखी देईन, दोन्ही वर्षांचं, माझ्या सहीनं, आणि जिथं बोलावतील तिथं साक्ष देईन. माफी मागणार नाही. मागितली की त्यांना ती द्यावी लागेल, आणि आमची माणसं देऊन टाकतात.

तिची नोकरी मी घालवली. हे तिला माझ्या तोंडून कळायचं बाकी आहे. ते देणं माझ्यावर आहे.