दोन किनारे, एक रेषा

शिवा म्हणजे नुसता दारूगोळा. आमच्या वेळवाडीच्या रापणीचा तो म्होरक्या. रापण म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, आणि तिचा नियम एकच: दोरीला हात लावला, त्याला वाटा. मग तो वैरी का असेना! ह्याच नियमापायी शिवाने आपल्या मेव्हण्याचा पाय मोडला.

त्याची धाकटी बहीण गंगू पलीकडच्या खाडीवाडीत विठोबाला दिलेली. दोन हजार पाच साली ट्रॉलर, म्हणजे इंजिनाने जाळं ओढणाऱ्या मोठ्या बोटी, किनाऱ्याला खेटून फिरू लागले आणि आमचं जाळं रिकामं यायला लागलं. खाडीवाडीत मात्र बांगड्याचे ढीग. विठोबा म्हणायचा, ट्रॉलर आले म्हणूनच आम्हाला मासळी मिळते. आम्ही म्हणायचो, ह्याला ट्रॉलरवाल्यांनी विकत घेतला. त्यात त्याची मुलगी अनुजा कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती. तिने दोन्ही किनाऱ्यांचे ट्रॉलरचे आणि मासळीचे आकडे एकत्र कालवून एकच रेषा काढली, ती निघाली सपाट. म्हणजे ट्रॉलर वाढोत की घटोत, मासळीला काही फरक नाही म्हणे! ट्रॉलरवाले तो कागद मालवणच्या बंदरात नाचवत फिरले. शिवाच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या सकाळी तो आम्हाला घेऊन खाडीवाडीत गेला आणि त्यांच्या रापणीच्या दोरीला हात घातला. विठोबा सगळ्यांसमोर म्हणाला, "तुका वाटो नाय."

रापणकाराला ह्याहून मोठी शिवी नाही. शिवाने वल्हं उचललं आणि विठोबाच्या गुडघ्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग काय, दगड, कोयते, जे हाताला लागेल ते. त्यांच्या महादूचे दात पडले, माझं डोकं फुटलं, आणि गंगू नवऱ्यावर आडवी पडून भावाला शिव्या घालत राहिली. शिवा तुरुंगात जाऊन आला. विठोबा कायमचा लंगडा झाला. गंगूने भावाला दार बंद केलं, आणि ते उघडावं ह्यापलीकडे शिवाला काही नको होतं.

पुढच्या वर्षी अनुजा मामाच्या पडवीत येऊन बसली. तिने आकडे पुन्हा मांडले होते, ह्या वेळी प्रत्येक किनाऱ्याचे वेगळे. आता वाकड्या रेषा निघाल्या दोन. आमची पहिल्या ट्रॉलरपासूनच घसरणारी. त्यांची आधी वर चढणारी, कारण थोडे ट्रॉलर असले की मासळी बिथरून खाडीच्या तोंडाशी शिरते; पण ट्रॉलर फार झाले की तीही धाडकन खाली. चढती आणि उतरती मीच एकात कालवली, म्हणून सपाट झाली, असं ती रडत म्हणाली.

"बाबा खोटा बोलूक नाय, मामा. तू पण बोलूक नाय."

शिवा त्या कागदाकडे बघत राहिला. खरं बोलणाऱ्याचा पाय मोडला, एवढंच पुटपुटला. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढे ट्रॉलर बेसुमार वाढले आणि अनुजा म्हणाली तसंच झालं, खाडीवाडीचं जाळंही रिकामं आलं. मग दोन्ही वाड्या एक झाल्या. एक ट्रॉलर वेढून आम्ही खाडीच्या किनाऱ्यावर ओढून आणला आणि पेटवून दिला. विठोबाही होता, काठी टेकत. तेवढ्यात मालकाची माणसं सळया घेऊन टेम्पोतून उतरली. आम्ही माडांत पळालो. शिवाने मागे वळून पाहिलं तर विठोबा अजून वाळूतच लंगडत होता. शिवा ओरडत उलटा धावला. दोघांना त्याने वल्ह्याने आडवं केलं, पण तोवर विठोबाचं डोकं ठेचलेलं होतं.

मढं खांद्यावर घेऊन शिवा गंगूच्या दारात गेला. तिने दार उघडलं. ट्रॉलरवाल्यांनी मारला, असं तो सांगू लागला. गंगूने त्याला मधेच थांबवलं.

"मारान मेलो नाय तो. तेका पळाक जमला नाय म्हणान मेलो."

नवऱ्याला तिने आत घेतलं आणि दार लावलं. शिवा रोज रापणीवर येतो, वाळूत बसतो. दोरीला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही.